रकाना सापडत नाही

नुबारिया, गुरुवार, १८ जुलै

रीम बेटी,

तुझी पाण्याची नोंदवही आम्हाला फुकट पडली, असं मी चार वर्षं भेटेल त्याला सांगत आलो. आज सकाळी चहा घेता घेता खरा आकडा काढला. तू कवडी घेतली नाहीस हे कबूल. पण संगणक ठेवायला पंपघरातली माझी दुपारच्या झोपेची खाट गेली. त्याच्या बारीक अक्षरांपायी दोन चष्मे झाले. आंब्याच्या सव्वीस पेट्या अलेक्झांड्रियाला तुझ्या घरी गेल्या; तू मागितल्या नव्हत्यास, म्हणून तेराच धरतो. आणि आता एका माणसाची अब्रू जायची वेळ आली आहे. ती कोणत्या रकान्यात लिहायची, तेवढं तू सांग.

फोन का करत नाही, म्हणशील. फोनवर तू भराभर सीरियन बोलतेस, मी ओरडतो, आणि फोन ठेवला की काय ठरलं ते दोघांनाही आठवत नाही. लिहिलेलं पुन्हा वाचता येतं. तेव्हा ही ई-मेल पत्रासारखी वाच, आणि उत्तरही पत्रासारखंच दे.

झालंय असं. एक जुलैपासून नोंदवहीत एकही पाण्याची पाळी चढलेली नाही. झडपा उघडतात, पाणी वाहतं, प्रत्येक झडपेवरची तुझी पाणी मोजायची डबी मिनिटामिनिटाला आकडा पाठवते, आणि तक्ता तो आकडा परत फेकतो. म्हणतो, या तारखेसाठी कप्पा नाही. तू अम्मानला जाताना जो कागद लिहून दिलास त्यावर होतं की जून संपायच्या आत पुढच्या सहा महिन्यांचे कप्पे पाडायचा हुकूम चालवायचा. हुकूम चालवला. उत्तर आलं: विभागणीसाठी सांगितलेला रकाना तक्त्यात सापडत नाही.

अगं, सापडत नाही म्हणजे काय? सिंचनाच्या तारखेचा रकाना. तक्त्यात पहिलाच आहे, मी डोळ्यांनी बघतोय! हुकूम सब्रीने टंकला होता, तुझ्या कागदावरून, अक्षर न अक्षर.

सब्री तुला आठवतच असेल. आपला पाणीवाला, चौसष्ट शेतांच्या चौसष्ट झडपा ज्याच्या त्याच्या दिवशी उघडणारा, दोन वाक्यांच्या मध्ये अर्धा तास घेणारा. अब्रू त्याची जाणार आहे. पाइपाच्या शेवटच्या टोकाला उम्म नगातचा भुईमूग आहे. परवा ती पंपघरात आली, चप्पल दाराशी न काढता.

म्हणाली, "लुत्फी, तुझ्या सब्रीने माझं पाणी विकलं."

मी म्हटलं, "पुरावा?"

"पुरावा माझा भुईमूग. चल शेतात, भुईमुगालाच विचार. तोंड सुकलंय म्हणून बोलत नाही तो."

"नोंद बघू," मी म्हटलं आणि पडदा तिच्याकडे फिरवला. फिरवायला नको होता. जुलैमध्ये तिच्या नावासमोर शून्य. तसं सगळ्यांच्याच नावासमोर शून्य आहे, पण स्वतःच्या शून्याकडे बघणारा माणूस शेजाऱ्याचं शून्य बघत नाही. तासाभरात टोकाकडची अकरा शेतं दारात उभी. सब्री कोपऱ्यात. मी म्हटलं, "बोल रे, जीभ गिळलीस का?" तो म्हणाला, "हाजी, मी प्रत्येकाची झडप त्याच्या दिवशी उघडली." आणि मग गप्प.

नऊ ऑगस्टला, शुक्रवारी नमाजानंतर, सभा बोलावली आहे. तोवर नोंद मिळाली नाही तर सब्रीला काढतील. आणि इथून चोर म्हणून निघालेल्या पाणीवाल्याला दुसरीकडे कोण झडपेला हात लावू देईल? निवाडा मला द्यायचा आहे, अध्यक्ष म्हणून. माझ्याकडे कोणी बोट दाखवू शकत नाही हे एक बरं. पस्तीस वर्षांत माझ्या शेताने पाळीबाहेर घोटभर पाणी प्यायलेलं नाही, हे उम्म नगातही मान्य करते. आणि ती बाई सूर्य उगवला हेसुद्धा चौकशी केल्याशिवाय मान्य करत नाही.

लवकर लिही. अलीला सलाम.

लुत्फी


अम्मान, शनिवार, २० जुलै

अम्मो लुत्फी,

आधी एक श्वास घ्या. नोंदी हरवलेल्या नाहीत. तक्ता ज्या नोंदी परत फेकतो त्या पंपघरातल्या संगणकावर एका फाइलमध्ये साठत जातात. फाइलचं नाव आहे 'परत आलेल्या'. ती उघडू नका, पुसू नका, कोणी 'जागा मोकळी करतो' म्हणालं तर त्याला हाकलून द्या. सब्रीचा जुलै त्या फाइलमध्ये बसलाय.

आता दोष. तक्ता एकच आहे, पण नोंदी इतक्या झाल्या की शोधताना अख्खा तक्ता चाळायला नको, म्हणून मी आत महिन्यामहिन्याचे कप्पे पाडले. टपाल कार्यालयात गावागावाचे खण असतात ना, तसे. कोणती नोंद कोणत्या कप्प्यात टाकायची हे तक्ता एका रकान्याकडे बघून ठरवतो, आणि कोणत्या रकान्याकडे बघायचं ते हुकुमात नाव घेऊन सांगावं लागतं. ते नाव तक्त्यातल्या नावाशी तंतोतंत जुळलं पाहिजे. थोडंसं वेगळं असलं तर माणूस समजून घेतो. तक्ता समजून घेत नाही. म्हणतो, असा कोणी इथे राहत नाही.

नावं अरबीत ठेवायचा हट्ट तुमचा होता, आठवतंय? "जे मला वाचता येत नाही त्याच्याखाली मी सही करत नाही," असं म्हणाला होतात. इंग्रजीत ठेवली असती तर हे झालं नसतं असं म्हणणार नाही. दुसरं काहीतरी झालं असतं.

माझा संशय दोन गोष्टींवर आहे. 'तारीख' आणि 'अर्रय्य' हे दोन शब्द मी मध्ये आडवी रेघ घालून जोडले होते. 'रय्य' म्हणजे सिंचन हे तुम्हाला सांगायला नको, पण ती रेघ सब्रीने गाळली असेल, तिथे नुसती मोकळी जागा सोडली असेल. नाहीतर हुकूम भलत्याच ठिकाणी चालवला असेल. सरावासाठी मी एक जुनी प्रत ठेवली होती, तिच्यात रकान्यांची नावं वेगळी आहेत. दोन्ही तपासा. मग तक्त्यातलं रकान्याचं नाव आणि हुकुमातलं नाव, दोन्ही मला एकाखाली एक लिहून पाठवा.

सब्रीवर रागावू नका. फक्त म्हणावं, पुढच्या वेळी टंकताना घाई करू नकोस.

आणि कप्पे जूनलाच का संपले असं कोणी विचारलं, तर सांगा की निघायची गडबड होती. सामान, कागदपत्रं, नवऱ्याची नवी नोकरी.

तुमची रीम


नुबारिया, बुधवार, २४ जुलै

रीम बेटी,

रेघ आहे. मोकळी जागा नाही. हुकूम खऱ्या तक्त्यावरच चालवला होता. सरावाची प्रत मी कालच पहिल्यांदा पाहिली, तिच्यात माझ्या शेताचं नाव तू 'गाढवाचं शेत' ठेवलंयस. ते सभेनंतर बोलू.

ही दोन नावं, तू म्हणालीस तशी एकाखाली एक. वरचं तक्त्यातलं, खालचं हुकुमातलं:

तारीख_अर्रय्य
तारीख_अर्रय्य

सांग कुठे फरक आहे. मी तीनदा मोठ्याने वाचली. जुळी भावंडं आहेत.

तुझा निरोप मी सब्रीला दिला नाही. त्या माणसाला सध्या बोलणारे पुष्कळ आहेत. टोकाकडच्या शेतकऱ्यांनी त्याच्यावर पाळत ठेवली आहे. तो झडपेकडे निघाला की मागे दोन माणसं चालतात, एक डावीकडून, एक उजवीकडून, जणू काही मंत्र्यांचा दौरा. काल एकाने त्याला विचारलं, "आज कोणाला विकणार?" सब्रीने झडप उघडली, घड्याळ बघितलं, खाली बसला आणि पाळी संपेपर्यंत पाइपाकडे बघत राहिला. पंपघरात तो चहा घेईनासा झालाय. मी पेला पुढे केला तर म्हणतो, "सभेनंतर, हाजी."

आज उम्म नगातने भुईमुगाची आठ रोपं मुळासकट उपटून माझ्या टेबलावर आणून ठेवली. म्हणाली, "हे साक्षीदार. यांची जबानी लिहून घे." मी म्हटलं, "अगं उम्म नगात, वाळू सांडतेय सगळीकडे." ती म्हणाली, "वाळूच सांडणार. चिखल सांडला असता तर मी आले असते का?"

तिच्याशी वाद घालून मी आजवर एकदाही जिंकलेलो नाही, आणि या वेळी तर ती खोटंही बोलत नाहीये. रोपं मी पाहिली. त्या रोपांना पाणी मिळालेलं नाही. पण सब्री म्हणतो, झडप उघडली. दोघंही खरं बोलताहेत असं माझे कान मला सांगतात, आणि माझ्या कानांनी मला आयुष्यात फारसं फसवलेलं नाही. एवढी जमीन मी डोक्याने नाही कमावली, ऐकून कमावली. मग दोघंही खरे कसे?

सोळा दिवस उरले. अलीला सलाम.

लुत्फी


अम्मान, सोमवार, २९ जुलै

अम्मो लुत्फी,

चार संध्याकाळी यात गेल्या. तुमच्या तक्त्यासारखाच तक्ता मी इथे बनवला. रकान्याचं नाव तुमच्या पत्रातून उचलून टाकलं, हुकुमातलं नावही तुमच्या पत्रातून उचललं, आणि हुकूम चालवला. चालला. बिनतक्रार सहा कप्पे पडले. पुसून पुन्हा केलं. पुन्हा चालला.

आमच्या धंद्यात याच्याइतकी वाईट बातमी नाही. माझ्याकडे चालतंय आणि तुमच्याकडे चालत नाही, म्हणजे दोष अशा ठिकाणी आहे जिथे मी बघतच नाहीये. तुमच्या संगणकावरची आवृत्ती जुनी असेल का? रकान्याच्या नावापुढे न दिसणारी एखादी जागा राहिली असेल का? मी स्वतःच तक्ता बनवताना काही घोळ घातला असेल का? हे पत्र इथे अर्धवट ठेवते आणि जेवायला जाते.

संध्याकाळ. सापडलं, अम्मो. मला नाही, अलीला सापडलं, आणि त्याला संगणकातलं ओ की ठो कळत नाही.

तुमची दोन्ही पत्रं मी छापून टेबलावर ठेवली होती. तो कपड्यांना इस्त्री करत होता. शेवटची ओळ त्याने वाचली आणि हसला.

"तुझ्या हाजींनी मला परत 'वर' करून टाकलं," म्हणाला.

"म्हणजे?"

"बघ ना. 'वरला सलाम.' चार वर्षं अलेक्झांड्रियात हेच. विजेच्या बिलावर मी 'वर', दवाखान्याच्या चिठ्ठीवर मी 'वर'. एकदा कारकुनाला म्हटलं, बाबा, माझ्या पोटाखाली दोन टिंबं दे. तो म्हणाला, कशाला, तुम्हाला ओळखत नाही का आम्ही?"

मी त्याच्या हातातला कागद हिसकावून घेतला. त्याने इस्त्री तशीच ठेवली, सदरा जळला.

अम्मो, शेवटचा 'या' बघा. आम्ही सीरियातले, होम्सचे लोक, आणि इथले अम्मानचेही, शब्दाच्या शेवटी 'या' आला की त्याच्या खाली दोन टिंबं देतो. टिंबं काढली की ते अक्षरच दुसरं होतं. 'अली'चा 'अला' होतो, म्हणजे 'टेबलावर'मधला 'वर'. तुमच्या इजिप्तमध्ये मात्र शेवटच्या 'या'ला टिंबं कोणी देत नाही. माणूस आहे की 'वर' आहे, हे वाचणारा आपलं आपण समजून घेतो. आणि 'रय्य' हा शब्दही त्याच अक्षरावर संपतो!

मी रकाना बनवला टिंबं देऊन. हुकूम गेला टिंबांशिवाय. तक्त्याच्या दृष्टीने ही दोन वेगळी नावं, त्यामुळे रकाना सापडत नाही. मग मी तुम्हाला दोन्ही नावं लिहून पाठवायला सांगितली, आणि तुम्ही ती तुमच्या हाताने टंकलीत, तेव्हा तुमच्या सवयीने दोन्हींची टिंबं गेली. वरच्याचीही. म्हणून तुम्हाला ती जुळी दिसली, म्हणून माझ्याकडे हुकूम चालला. मी तुमच्याकडे पुरावा मागितला आणि तुम्ही तो स्वच्छ धुऊन पाठवलात.

उपाय एका ओळीचा आहे. रकान्याचं नाव टंकायचंच नाही. रकान्यांच्या यादीतून ते उचलायचं आणि हुकुमात चिकटवायचं. तुमच्या बोटांना मध्ये येऊ द्यायचं नाही.

आता एक विचारते, आणि राग मानू नका. सब्रीने बारा वर्षं इकडे आमच्या बाजूला, इर्बिदला, संत्र्यांच्या बागेत काम केलंय. झडपांच्या त्याच्या चिठ्ठ्या माझ्या जुन्या वहीत अजून आहेत. आत्ताच काढून पाहिल्या. तो आमच्यासारखी टिंबं देतो. प्रत्येक 'या'ला, न चुकता, दोन.

मग हुकूम कोणी टंकला, अम्मो?

रीम


नुबारिया, बुधवार, ३१ जुलै

रीम,

पत्र वाचल्यावर आधी मी अर्धा तास तुझ्याशी मनातल्या मनात भांडलो. म्हटलं, आमची वर्तमानपत्रं असंच लिहितात, आमच्या दुकानांच्या पाट्या अशाच आहेत, माझ्या लग्नाचा कागद असाच आहे आणि लग्न चाळीस वर्षं टिकलं. दोन टिंबांवाचून या देशात कोणाचं अडलं नाही. मग यादीतलं नाव उचललं, हुकुमात चिकटवलं, आणि कळ दाबली. सहा कप्पे पडले. जुलै ते डिसेंबर. एवढंसं काम. खुर्चीत मागे टेकून बसलो तर हसायला येईना.

मी टंकला.

एकोणतीस जूनला, दुपारी. सब्री शेजारी उभा होता. म्हणालाही, "हाजी, तिच्या कागदावर खाली दोन टिंबं आहेत." मी म्हटलं, "इर्बिदचं शहाणपण इर्बिदला ठेव. दमनहूरच्या कोर्टासमोर टाइपरायटर मांडीवर घेऊन मी सहा वर्षं लोकांचे अर्ज टंकले. न्यायाधीशांनी कधी माझी टिंबं मोजली नाहीत." चूक आली तेव्हा त्याने टिंबांचं नाव पुन्हा काढलं नाही. मी कागद खणात टाकला आणि स्वतःला सांगितलं की संगणक बिघडलाय, उद्या बघू. उद्याचे वीस दिवस झाले.

आणि मग तुला पत्र लिहायला बसलो. अध्यक्षाने चुकवलं असं लिहिण्यापेक्षा पाणीवाल्याने चुकवलं असं लिहिणं बोटांना सोपं गेलं. ठरवून केलं नाही. टिंब न देता जसा हात पुढे जातो, तसा गेला. ज्याची अब्रू वाचवायची म्हणून तुला साकडं घातलं, त्याच पत्रात त्याच्यावर आणखी एक ठपका ठेवला, आणि खाली सही केली. जे मला वाचता येत होतं त्याच्याखाली.

सब्रीला हे मी आज सांगितलं. त्याने विचार केला, त्याच्या नेहमीच्या मापाने, आणि म्हणाला, "कळलं होतं हाजी. तुमचं रीमबाईंना लिहून होईपर्यंत मी दारात उभा होतो. तुम्ही लिहिता लिहिता मोठ्याने बोलता."

आता त्या 'परत आलेल्या' फाइलचं काय करायचं ते लिही. नऊ दिवस उरलेत.

लुत्फी


अम्मान, शुक्रवार, २ ऑगस्ट

अम्मो लुत्फी,

फाइल तक्त्यात ओतायचा हुकूम सोबत पाठवलाय. टंकू नका. उचला, चिकटवा, कळ दाबा. सत्त्याहत्तर हजारांच्या वर नोंदी असतील, पाच-दहा मिनिटं लागतील. मध्येच अधीर होऊन बंद करू नका. मग नेहमीचा मासिक गोषवारा काढा: कोणाची झडप, किती वेळा, किती मिनिटं, किती पाणी. पाण्याचा आकडाही बघा, नुसत्या वेळा बघू नका. तुम्ही विचारलं होतं ना, दोघंही खरे कसे? झडप उघडणं आणि पाणी पोचणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. म्हणूनच मी त्यांचे दोन रकाने केले.

तुम्ही खरं लिहिलंत, तर मीही लिहिते. निघायची गडबड नव्हती. डिसेंबरात मी तुमच्या पंपघरात बसून जानेवारी ते जून असे सहा कप्पे पाडले. पुढची दहा वर्षंही त्याच बैठकीत पाडता आली असती. शिवाय, ज्या नोंदीला कुठेच जागा नाही तिच्यासाठी शेवटी एक उघडा कप्पा ठेवायचा असतो. हे शिकाऊ पोरीलाही माहीत असतं. मी तो ठेवला नाही. जून लिहिलं आणि थांबले.

होम्स सोडलं तेव्हा आमच्या गल्लीत कोणीच उरलं नव्हतं, तेव्हा आमच्यावाचून काही अडेल असं कोण म्हणणार. अलेक्झांड्रियातलं घर सोडलं, तर मालकाने दुसऱ्या दिवशी दुसरं बिऱ्हाड आणलं. मला वाटलं, एका तरी जागी माझ्यावाचून काहीतरी अडावं. जून संपेल, तुम्ही चिडाल, 'ही सीरियन पोरगी काय करून ठेवून गेली' म्हणाल, आणि पत्र लिहाल. कागदावर मी सूचना लिहिली खरी, पण तुम्ही तो कागद कुठेतरी ठेवून विसराल अशीच माझी खात्री होती. यात सब्री कुठे येईल असं मला वाटलंच नाही. मला फक्त तुम्ही दिसत होतात.

उघड्या कप्प्याचा हुकूमही सोबत आहे. तो चालवलात की तक्ता पुन्हा कधीच नोंद परत फेकणार नाही, आणि तुम्हाला माझी गरज पडणार नाही.

सभेत जे निघेल ते सगळं वाचा, अम्मो.

रीम


नुबारिया, शनिवार, १० ऑगस्ट

रीम बेटी,

उघड्या कप्प्याचा हुकूम मी चालवला नाही. खणात ठेवलाय. डिसेंबर संपत आला की तुला लिहीन, चिडून लिहीन, आणि तू उत्तर देशील. जून लिहून थांबलीस त्याबद्दल तुला बोलायचा हक्क सब्रीचा आहे, माझा नाही, आणि तो म्हणतो, "बाईंनी कप्पे पाडून ठेवले असते तर जुलैची नोंद कोणी उघडून बघितलीच नसती."

बुधवारी फाइल ओतली. गोषवारा निघाला. कागद यंत्रातून बाहेर आला तसा सब्री म्हणाला, "हाजी, सभेत वाचा, पण आधी एकदा एकट्याने वाचा." आणि स्वतः बाहेर जाऊन ओट्यावर बसला.

मी वाचला. त्याने चौसष्ट शेतांपैकी एकाचीही पाळी चुकवलेली नाही. उम्म नगातच्या आठ पाळ्या, आठही तिच्या दिवशी, मिनिटं पुरी. आणि आठांपैकी सहा वेळा पाणी निम्मं. माझे कान बरोबर होते. दोघंही खरं बोलत होते. तिची झडप उघडी असताना वरच्या बाजूला आणखी एक झडप उघडी होती, आणि पाइपातला दाब तिकडे जात होता.

सब्रीला आत बोलावलं.

"हे काय आहे?"

"जूनच्या शेवटी तुम्ही म्हणालात, आंबा पानं टाकतोय, जरा लक्ष ठेव."

"लक्ष ठेव म्हटलं होतं. पाणी सोड म्हटलं नव्हतं."

"हाजी, तुम्ही अध्यक्ष. तुमचं लक्ष ठेव म्हणजे पाणी सोड. तुम्ही तसं लिहीत नाही, पण आम्ही वाचतो."

"मग उम्म नगात तोंडावर चोर म्हणत होती तेव्हा बोलला का नाहीस?"

"नोंद नव्हती. नोंदीशिवाय तुमचं नाव घेतलं असतं तर मी चोर तर होतोच, वर खोटारडाही झालो असतो."

जुलैत माझ्या आंब्यांनी पुन्हा पानं धरली होती. मी बायकोला म्हटलं होतं, बघ, अल्लाहची कृपा.

सभा मशिदीच्या अंगणात झाली, सगळे आले. मी उभा राहिलो, चष्मा लावला आणि पहिल्या झडपेपासून चौसष्टाव्यापर्यंत वाचलं, वेळा, मिनिटं, पाणी. उम्म नगात पुढेच बसली होती. माझी ओळ आली तेव्हा म्हणाली, "मोठ्याने वाच, मागे ऐकू येत नाही." मागे ऐकू जात होतं. मी मोठ्याने वाचलं.

सब्री कामावर आहे. ठराव एकमताने झाला. त्याच्यामागे चालणारे दोघंही हात वर करणाऱ्यांत होते. माझ्या ऑगस्टातल्या सहा पाळ्या मी उम्म नगातला देऊ केल्या. ती म्हणाली, "घेते. पण झडप सब्री उघडेल, तू नाही. तू लक्षही ठेवू नकोस." घरी परतताना सब्री माझ्याबरोबर पंपघरात आला, स्वतःच चूल पेटवली आणि चहा केला. साखर मला जास्त घातली. रागावर होता की दया येत होती, ते अजून कळलेलं नाही.

आंब्याच्या पेट्या या वर्षी तुला पाठवत नाही. खाल्लेस तर घशाशी अडकतील. गोषवाऱ्याची प्रत मात्र सोबत पाठवतो, तुझी नोंदवही आहे, तुला माहीत असावं. सतरा नंबरची झडप माझी. जुलैत तिच्यातून पाळीबाहेर गेलेलं पाणी तीनशे बारा घनमीटर भरलं.

लुत्फी